पाणी कुठलं, ते आधी विचारा

माझं माहेर माळेगावच्या बाजूचं, आजोळ सुप्याजवळ आणि सासर पळसदेवकडे. त्यामुळे तीन प्रकारचं पाणी मी घरचं म्हणून पाहत आले. माहेरी नीरा डाव्या कालव्याचं, पाळीनं येणारं. आजोळी जिरायती पट्ट्यातल्या विहिरीचं, उन्हाळ्यात तळाला जाणारं आणि वर येताना वाळू-गाळ घेऊन येणारं. सासरी उजनीच्या बॅकवॉटरचं, बारमाही, पण उन्हं तापली की हिरवं पडणारं. पहिली दोन ठिकाणं बारामती तालुक्यातली, पळसदेव इंदापुरातलं, आणि हे दोन्ही तालुके एकमेकांना लागून आहेत. तरी ठिबकचा फिल्टर घ्यायचा म्हटला तर या तीन घरांना तीन वेगळे फिल्टर लागतात.

ही गोष्ट आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारली तरी तो सांगेल. इंटरनेटवर मात्र ती मला कुठे लिहिलेली सापडत नव्हती. आमच्या कामाचं वेगळेपण तिथेच आहे, असं मला आज ठामपणे वाटतं.

मी कृषी पदवीधर आहे. माझा धाकटा दीर आणि मी मिळून शेतीची यंत्रं, अवजारं आणि मोजमापाची उपकरणं सुचवणारी मराठी वेबसाइट चालवतो. वाचकानं आमच्या पानावरच्या लिंकवरून वस्तू घेतली की विकणारी कंपनी आम्हाला थोडं कमिशन देते. वाचकाला वस्तू त्याच किमतीला मिळते. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. ॲमेझॉननं १९९६ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि २०१३ मध्ये ही कंपनी भारतात आल्यावर आपल्याकडेही या पद्धतीचा प्रसार झाला. दुकान नको, गोदाम नको, उधारी नको. एक लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की काम सुरू. त्यामुळे या धंद्यात गर्दीही तेवढीच आहे.

गर्दीतली बहुतेक पानं एकसारखी दिसतात, त्याचं कारण धंद्याच्या रचनेतच आहे. ‘सर्वोत्तम दहा फवारणी पंप’ असं शोधलं की पानांमागून पानं येतात. सगळ्यांवर तेच फोटो, तीच टाकीची क्षमता, तीच बॅटरी, फायदे-तोटेही तेच. लिहिणाऱ्यानं पंप पाठीवर घेतलेला नसतो. कंपनीनं दिलेली माहिती इकडून तिकडे गेलेली असते. कमिशन विक्रीवर मिळतं आणि लिंक दाबल्यापासून ठरावीक मुदतीत खरेदी झाली तरच मिळतं. ॲमेझॉनची ती मुदत साधारण २४ तासांची असते. म्हणजे वाचकानं आज, आत्ता घ्यावं असं लिहिण्याकडे पैसा ओढतो. शेतकरी मात्र खरेदी हंगाम पाहून करतो. ऊस गेला, बिल जमा झालं, बहार धरायचा ठरला, की मग तो वस्तू घेतो. आमच्या पानाला त्याच्या या चालीनं चालायचं आहे, हे आम्ही पहिल्यापासून धरून चाललो.

म्हणून फिल्टरच्या पानावर आम्ही कंपन्यांची नावं वर ठेवली नाहीत. पहिला प्रश्न ठेवला: तुमचं पाणी कुठून येतं? त्याखाली घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सांगितली. काचेच्या बाटलीत पाणी भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी वाळूचा थर दिसला तर तुम्हाला आधी हायड्रोसायक्लोन लागेल, कारण तो पाणी भोवऱ्यासारखं फिरवून जड कण खाली टाकतो. पाण्यात हिरवट तंतू किंवा काडीकचरा दिसला तर सँड फिल्टर लागेल, कारण शेवाळ वाळूच्या थरात अडकतं. तो वेळच्या वेळी उलट्या प्रवाहानं धुवावा लागतो, म्हणजेच बॅकवॉश. या दोन्हींच्या पुढे जाळीचा किंवा डिस्कचा फिल्टर लावायचा. आणि पाणी बाटलीत नितळ दिसतं, पण उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो, असं असेल तर त्यात क्षार आहेत. ते विरघळलेले असतात, त्यामुळे यांतला कुठलाही फिल्टर त्यांना अडवत नाही. ते ड्रिपरच्या तोंडाशी जमतात आणि त्यासाठी ॲसिड ट्रीटमेंट करावी लागते. ती जाणकाराकडून शिकूनच करावी, असं आम्ही तिथेच लिहिलं आहे.

या पानाला आमच्या भागाचा सगळा भूगोल लागला. कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात वर्षानुवर्षं पाणी देऊन काही जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या आहेत, तिथला प्रश्न वेगळा. मोरगाव-सुप्याकडच्या जिरायती भागात पाणीच कमी, त्यामुळे विहिरीचा तळ ढवळला जातो आणि गाळ येतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही वाहत येतं, त्यामुळे शेवाळ वाढतं. ज्यानं या बांधांवरून पायपीट केली आहे त्याला हे माहीत असतं. दिल्ली-बंगळुरूत बसून लिहिणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. त्यात त्याचा दोष नाही, पण आमचा फायदा नक्की आहे.

सुप्याकडच्या मामांना मी ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ह्यात नवं काय हाय? हे तर आमाला ठावंच हाय.” मला त्याचा फार आनंद झाला. जे जाणत्यांना ठाऊक आहे ते नव्यानं ठिबक घेणाऱ्या पोरापर्यंत, पानमळ्यात पहिल्यांदाच ठिबकची लॅटरल टाकणाऱ्या निमगाव केतकीच्या बाईपर्यंत पोचवणं, हेच आमचं काम आहे.

दुसरं वेगळेपण सासूबाईंनी दिलं. सोळा लिटरचा बॅटरी पंप आणला, तेव्हा सगळ्या पानांवर त्याची स्तुती होती. सासूबाईंनी तो एकदा पाठीवर घेतला आणि म्हणाल्या, “पंप चांगलाय गं, पण भरल्यावर उठतच नाही.” सोळा लिटर म्हणजे सोळा किलो पाणी आणि वर पंपाचं स्वतःचं वजन. वीस किलोच्या वरचा भार घेऊन भाजीच्या वाफ्यांतून चालायचं असतं. छोट्या शेतावर खुरपणी, गोठा आणि पुष्कळदा फवारणीही बायका करतात, आणि तरीही वस्तूंची परीक्षा करणाऱ्या पानांवर हा भार कुणी मोजत नाही. आम्ही मोजतो. प्रत्येक पंपाचं रिकामं आणि भरलेलं वजन काट्यावर ठेवून लिहितो. पट्टा खांद्यात रुततो का, झाकण ओल्या हातानं उघडतं का, भरलेला पंप जमिनीवरून एकटीला उचलता येतो का, हेही लिहितो. ज्यांना जड जाईल त्यांना कमी क्षमतेचा किंवा अर्धा भरून वापरायचा पर्याय सांगतो. पंपाच्या पानावर चौकशी करणाऱ्या बायकांची संख्या पुरुषांच्या बरोबरीनं आहे, याचं मला खूप समाधान वाटतं.

नोझलचंही तसंच. तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लागतं, कीड-रोगाच्या औषधाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं. पंपासोबत दोन-चार नोझल येतात, पण कुठलं कशाला हे बहुधा सांगितलेलं नसतं. आम्ही नोझल हातात धरून फोटो काढले आणि कागदावर रंगीत पाणी फवारून थेंब कसे पडतात ते दाखवलं. वस्तू विकण्याशी याचा थेट संबंध नाही. पण वस्तू घेतल्यावर ती नीट वापरता आली तरच तो माणूस पुढच्या वेळी आम्हाला विचारतो.

आणि वस्तू हंगामानं कळते. पेटी उघडल्याच्या दिवशी सगळंच चांगलं चालतं. लेड-ॲसिड बॅटरीचा पंप पहिल्या महिन्यात कंपनी सांगते त्याच्या जवळपास टाक्या फवारतो. तोच पंप पावसाळ्यानंतर चार्ज न करता पडवीत पडून राहिला, तर दुसऱ्या वर्षी बॅटरी लवकर बसते. कारण रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. म्हणून आमच्या प्रत्येक पानाच्या खाली ‘एका हंगामानंतर’ असा भाग असतो. कुठला वॉशर गेला, चार्जर टिकला का, स्विच पाण्यानं खराब झाला का, आणि तो भाग बारामतीच्या किंवा इंदापूरच्या दुकानात मिळाला का, हे सगळं तिथे येतं. ज्या वस्तूचा सुटा भाग आपल्या बाजारात मिळत नाही, ती स्वस्त असली तरी आम्ही वर ठेवत नाही. ऐन बहारात आठवडाभर पार्सलची वाट पाहणं डाळिंबवाल्याला परवडत नाही. तोवर तेल्या रोग बाग धरतो.

हा ‘हंगामानंतर’चा भाग लिहायला वेळ लागतो. तोवर दुसऱ्यांची डझनभर पानं येऊन जातात. पण तो भाग कुणाला उचलून आपला म्हणता येत नाही, कारण त्यासाठी एक हंगाम शेतात जावा लागतो.

मोजमापाच्या उपकरणांत मराठीतून साधी माहिती देण्याची सगळ्यात जास्त गरज मला दिसली. बोरीसारख्या गावांत द्राक्षबागा आहेत, इतरत्र डाळिंब आहे, ऊस तर सगळीकडेच. गोडी मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेतात. फळाला आणि उसाला शून्य ते ३२ ब्रिक्सचा पुरतो. ऑनलाइन दुकानात त्याच फोटोशेजारी मधासाठीचा ५८ ते ९० ब्रिक्सचा दिसतो, आणि घाईत तोच मागवला जातो. त्यात द्राक्षाचा रस टाकला तर काहीच वाचता येत नाही. आमच्या पानावर ही सूचना सगळ्यात वर आहे. त्याखाली शुद्ध पाण्यानं शून्य कसं लावायचं, आणि पीएच मीटर बफर द्रावणानं तपासल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नये, हे चित्रांसह दिलं आहे.

आमच्या पानांवर ‘हे घेऊ नका’ किंवा ‘हे आमच्याकडून घेऊ नका’ असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं. ठिबकचा पूर्ण संच घ्यायचा असेल तर आम्ही लिंक देत नाही. सूक्ष्म सिंचनाला अनुदान आहे. त्यासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची आणि मग नोंदणीकृत वितरकाकडून संच बसवायचा, असा तो क्रम आहे. आधी ऑनलाइन संच मागवला आणि नंतर अर्ज केला, तर अनुदान हातचं जातं. अवजारांच्या अनुदानालाही पूर्वसंमती आधी लागते. म्हणून पॉवर वीडरच्या पानावरचं पहिलं वाक्य असं आहे: अनुदानाचा अर्ज केला आहे का? नसेल तर आधी तो करा. त्या वाक्यामुळे आमची विक्री कमी होते. वाचक मात्र महाडीबीटीचं काम उरकून पुन्हा येतो आणि सुट्या वस्तूंसाठी आमचंच पान उघडतो.

कृषिपंपाच्या ऑटो स्विचचंही आम्ही लिहिलं आहे. आमच्याकडे थ्री-फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री असते. रात्रपाळीला उसात जायचं म्हणजे साप, काटा, आता बिबट्याचीही धास्ती. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी असं कुणालाही वाटेल. पण ऑटो स्विचमुळे लाइट येताच एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि तो जळला तर सगळ्यांचंच पाणी थांबतं. महावितरणनं ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं वारंवार सांगितलं आहे. त्याऐवजी आम्ही फोनवरून मोटर चालू-बंद करता येणाऱ्या मोबाइल स्टार्टरचं पान लिहिलं, त्यात विहिरीपाशी कुठल्या सिमला रेंज आहे ते आधी तपासायला सांगितलं, आणि कोरडी मोटर चालू नये व एक फेज गेला तर ती बंद व्हावी यासाठीचं संरक्षण आहे का, हे पाहायला सांगितलं. स्वतःच्या सोयीसाठी शेजाऱ्याचा डीपी जळेल अशी वस्तू आम्ही विकायला मदत करणार नाही.

कीटकनाशकांच्या लिंकही आम्ही देत नाही. रोग ओळखल्याशिवाय औषध सुचवणं मला पटत नाही. पानाचा फोटो घेऊन शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा, असं आम्ही सांगतो. जानेवारीत तिथे भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनाला तर प्रत्येक वाचकानं एकदा जावं, कारण तिथे पीक उभं असतं आणि यंत्रं चालवून दाखवतात. जे डोळ्यांनी पाहता येतं त्याची जागा आमच्या पानानं घेऊ नये.

कमिशनची गोष्ट आम्ही लपवत नाही. प्रत्येक पानाच्या अगदी वर, लिंकच्या आधी, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘या पानावरून तुम्ही खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं.’ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात वस्तूची शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी असलेलं नातं उघड सांगावं, असं आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं. कायदा आहे म्हणून तर हे करायचंच. पण मला यामागे आपल्या मातीतली एक जुनी शिस्त दिसते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. घराघरांतली माणसं एकत्र येऊन माल पारखून घेऊ लागली आणि आपसात वाटू लागली. घेणाऱ्याच्या बाजूनं उभं राहून वस्तू पारखण्याची ती परंपरा आहे. आमची मिळकत विक्रीतून येते, त्यामुळे त्या परंपरेशी आमची बरोबरी होऊ शकत नाही. पण वस्तू पारखताना कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे आम्ही तिथूनच घेतलं.

मध्यंतरी एका कंपनीनं फुकट यंत्र पाठवण्याची तयारी दाखवली, पण लेख आधी त्यांना दाखवावा अशी अट होती. आम्ही नको म्हटलं. दीर म्हणाला, “वहिनी, यंत्र मामांच्या रानात चालवून बघू आणि मग लिहू. आधी दाखवायचं कशाला?” त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. यंत्र विकत घ्यायचं, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्या शेतावर जाऊन पाहायचं.

हे असं काम करणारे आम्हीच आहोत असं नाही. अमेरिकेत ‘वायरकटर’ नावाचं संकेतस्थळ ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये सुरू केलं. शंभर वस्तूंची यादी देण्यापेक्षा नीट वापरून पाहून थोडक्याच सुचवायच्या, ही त्यांची रीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ते विकत घेतलं. गुगलनंही डिसेंबर २०२२ मध्ये पानांचा दर्जा तपासण्याच्या आपल्या निकषांत लिहिणाऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत हजार शब्द लिहून देते. त्यामुळे ज्याच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही नाही, त्याची पानं आणखी वाढतील आणि आणखी एकसारखी होतील. ज्याच्याकडे पाण्याची बाटली, वजनकाटा, चिखलात चालवलेलं यंत्र आणि दुसऱ्या हंगामाचा हिशेब आहे, त्याचं मोल वाढत जाईल. कामाचं हे कष्टाचं रूप मला या काळात सगळ्यात आश्वासक वाटतं.

वाचकांची भाषाही आम्हाला वाट दाखवते. बरेच जण मोबाइलवर बोलून शोधतात आणि त्यांचे प्रश्न लांब असतात: “दोन गायी अन् एक कालवड, कडबाकुट्टी किती एचपीची घेऊ?” “घरच्या लाइटवर चालंल का?” असे प्रश्न आम्ही जसेच्या तसे मथळे म्हणून वापरतो. उत्तरात आधी जनावरं किती, चारा ओला की वाळलेला, मीटर सिंगल फेज की थ्री फेज, हे विचारतो आणि मग यंत्राकडे येतो.

हल्ली सांगोल्याहून, नाशिककडून, कोकणातूनही तरुण मुलंमुली विचारतात, आम्हालाही अशी वेबसाइट काढायची आहे, कशी काढू? मी त्यांना माझं फिल्टरचं पान उघडून दाखवते आणि सांगते, हे उतरवून घेऊ नका. तुमच्याकडे पाणी दुसरं आहे. सांगोल्यात डाळिंबाची माती वेगळी, निफाडात द्राक्षाची थंडी वेगळी, कोकणात उतारावरचं गवत कापायचं यंत्र वेगळं. तिथल्या शेतकऱ्याला काय अडतं, हे आधी एक हंगाम त्याच्यासोबत राहून पाहा. मग जे लिहाल ते दुसऱ्या कुणाच्या पानासारखं होणारच नाही, आणि वेगळं दिसण्यासाठी तुम्हाला निराळं काही करावं लागणार नाही. प्रत्येक तालुक्यात असं एकेक पान उभं राहिलं, तर आपल्या शेतकऱ्याचा कष्टाचा पैसा चुकीच्या वस्तूवर जाणार नाही. एवढ्यासाठी हा धंदा करावा, असं मला मनापासून वाटतं.